वाळवी लिहू नको

प्रिय डिंपल,

गुरुवारी तू फोन ठेवला तेव्हापासून माझ्या गळ्याखाली भात उतरून नाही राहिला. तू सहज बोलली. म्हणाली, आजी, सोमवारी त्या हरवलेल्या कोतवाल बुकाच्या कागदावर सही करून टाकते, वाळवीनं खाल्लं असं लिहायचं आहे, चंद्रकुमार बाबू म्हणतात सगळीकडं असंच लिहितात. अन् मंग लगेच मले विचारलं, झिंगे वाळले का. तुले वाटलं रेंज गेली. रेंज कुठंच गेली नव्हती, बाई.

सही करू नको. हे पहिलेच सांगून ठेवते, कारण बाकीचं लांबन, अन् तू तुझ्या आजोबासारखी अर्धं वाचून उठणारी आहेस. सोमवारी त्या कागदावर तुझं नाव पडलं तर खोटं लिहिणारी तू ठरशील, चंद्रकुमार नाही. त्याची सही त्या कागदावर कुठं आहे ते पाह्य. नसनच. पोट पुढं काढून खुर्चीत बसलेला माणूस, तीस वर्षांत त्यानं स्वतःच्या हातानं काही लिहिलं असन तर फक्त रजेचा अर्ज. नोकरीले दोन वर्षं झालेली पोरगी सापडली, तिच्या हाती पेन दिला. अन् तू येड्या बह्याडासारखी घेतला.

मागच्या महिन्यात तू दोन दिवस घरी आली होती, तेव्हा दारापुढच्या सपरीत बसून मले तो अभिलेखाचा कायदा समजावत होती. तुमचं प्रशिक्षण झालं होतं, अन् लग्नातून आलेल्या पोरीसारखं तुझं तोंड थांबत नव्हतं. कायदा जुनाच आहे म्हणे, दोन हजार पाचचा, पण तुमच्या तहसील हापिसात कोणी उघडून पाहिला नव्हता. आता नवीन साहेबानं मनावर घेतलं. एकेक गठ्ठा खाली काढायचा, झटकायचा, नंबर टाकायचा, यादीत लिहायचा. कोणता कागद किती वर्षं ठेवायचा ते ठरलेलं. फाडायचा असन तर आधी यादी, मंग वरची मंजुरी, मंगच फाडायचा. कोणी बाहेर नेला तर त्याचं नाव, तारीख, सही. हरवला तर कोण जबाबदार ते लिहायचं, अन् ज्याच्यापाशी गेला त्याच्याकडून परत आणायचा. मी मासोळीचे खवले काढत ऐकत होती. तेव्हा मले पहिल्यांदा समजलं का तुमच्या त्या जुन्या कागदांच्या खोलीतलं आजपर्यंत काहीच काहून हरवलं नव्हतं. यादीच नव्हती. काय होतं तेच कोणाले ठाऊक नाही, तर काय गेलं ते कोण सांगन. गरीब माणूस नक्कल मागायले आला का म्हणायचं, सापडत नाही, पुढच्या महिन्यात ये. अन् तो येत होता.

मंग तू म्हणाली का यादी करता करता एक जागा रिकामी निघाली. बाकी गावांची कोतवाल बुकं सापडली, आपल्याच गावाचं एक नाही. एकोणीसशे एकतीस ते चाळीस. माझ्या हातातली विळी थांबली होती, तुझं लक्ष नव्हतं. मी तुले आडून विचारलं, आठवते का. म्हणलं, समजा एखाद्या अडाणी बाईनं असा कागद चुलीत घातला असन तर तिले काय करतात. तू म्हणाली, सजा आहे आजी, तुरुंग आहे, दंड आहे. अन् मंग हसली. म्हणाली, तुले कोण धरून नेते, तुझ्या तोंडाले भिऊन पोलीसच पळन.

तू हसली, पण मी तेव्हापासून मोटारसायकलचा आवाज आला का आत जाते. परवा पोस्टमन आला तर मी न्हाणीत जाऊन बसली. तुझा बाप म्हणते, माय, तुझं डोकं फिरलं काय. ग्रामपंचायतीचा शिपाई पाण्याच्या पट्टीचा कागद घेऊन आला अन् मी आतून कडी लावून घेतली. शहात्तर वर्षांची झाली मी. तलावात मगर निघाली अशी आवई उठली होती तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून जाळं ओढलं, नवरा मेला तेव्हा चार माणसांत उभी राहिली. असं भेव मले कधी वाटलं नव्हतं. पाण्यात काय आहे ते पायाले लागते. कागदात काय आहे ते लागत नाही.

आता ते बुक म्हणजे काय ते तू मले शिकवू नको, तुझ्याहून मले जास्त माहीत आहे. जुन्या काळी गावचा कोतवाल जाऊन सांगत होता, कोणाच्या घरी लेकरू झालं, कोण मेलं, त्याच्या बापाचं नाव काय, जात काय. सरकार लिहून ठेवत होतं. आपले ढीवर लोक, तलावात जन्म गेला, शाळेत कोणी गेलं नाही, शेत कोणाच्या नावानं नाही. मंग आज पोरीले जातीची पडताळणी पाहिजे अन् हापिस म्हणते का पणजोबाचा साठ-सत्तर वर्षं जुना कागद आण, तर तो कुठून आणायचा. त्या एका बुकातूनच. तुझं निभलं, कारण तुझे आजोबा अड्याळच्या शाळेत मामाकडं राहून दुसरीपर्यंत शिकले अन् शाळेच्या दाखल-खारिज बुकात त्यांचं नाव निघालं. मुरारीचं कोणीच कुठं शिकलं नाही.

मुरारी आपल्या समोरच्या घरचा, तुले सांगायची गरज नाही. पण तू शिकायले बाहेर होती, त्याचे फेरे तू पाहिले नाहीत. गुड्डीचा नर्सिंगले नंबर लागला होता. पडताळणीसाठी तो सहा महिन्यांत अकरा वेळा तालुक्याले गेला. जाळं सोडून, धुतलेला सदरा घालून, पहिल्या बसनं. अकरा वेळा त्याले सांगितलं, बुक सापडत नाही. वापस आला का तो आपल्याच सपरीत बसत होता, कारण घरी गुड्डी विचारन म्हणून त्याले घरी जाववत नव्हतं. मी त्याले पाणी देत होती. त्याच्यासंगं बसून बाबू लोकांले शिव्या देत होती. माझ्या शिव्या त्याच्यापेक्षा मोठ्या राहत होत्या. शेवटी गुड्डीची जागा गेली. आता ती नागपुरात कपड्याच्या दुकानात उभी राहते, दिवसभर दुसऱ्यांच्या पोरींले साड्या उलगडून दाखवते. अन् आता तिची बहीण कीर्ती बारावीत आहे. तिलेही तोच कागद पाहिजे.

तू म्हणशील, आजी हे मले काहून सांगून राहिली, वाळवीनं खाल्लं त्याले कोण काय करन. थांब. पंधरा दिवसांआधी सानगडीच्या कौशल्याबाईच्या घरी काय झालं ते ऐक. कोष्ट्याच्या घरची ती, माझी जुनी गिऱ्हाईक, मागच्या वर्षी मेली. तिची सून रीता, तिनं सासूची पत्र्याची पेटी रिकामी केली. तळाशी लुगड्याखाली एक कागद अंथरलेला होता. जाड, पिवळा, आखलेला. त्यावर आपल्या गावाचं नाव, सन एकोणीसशे चौतीस, खाली जन्मलेल्या-मेलेल्यांची नावं. रीता शिकलेली आहे. तिनं त्याचा फोटो काढून मोबाईलवर फिरवला, का कोणाचे पूर्वज असतील त्यांनी पाहावं. तो फोटो आपल्या गावात आला. मुरारीनं मले आणून दाखवला. त्याले वाचता येत नाही, म्हणून माझ्याकडं घेऊन आला. म्हणे, काकू, हे तर तेच बुक ना, जे सापडत नाही म्हणतात. अन् रीतानं फोटोखाली लिहिलं होतं का कागदाले अजूनही झिंग्याचा वास येते.

त्या पानावर मुरारीच्या घरचं कोणी नव्हतं. पण तो म्हणाला, एक पान पेटीत निघालं म्हणजे बुक वाळवीनं खाल्लेलं नाही, ते कोणीतरी बाहेर नेलं. अडाणी माणूस, पण हे त्याले समजलं. तो रीताकडून ते पान घेऊन अर्ज करणार आहे, थेट भंडाऱ्याले. म्हणजे तू सोमवारी वाळवी लिहिशील अन् दोन-चार दिवसांत ते पान मोठ्या साहेबाच्या टेबलावर राहीन. मंग चंद्रकुमार म्हणन, मी कुठं सांगितलं, पोरीनं लिहिलं. तुझी नोकरी जाईन ते जाईन, पण जो कायदा तू मले सपरीत वाचून दाखवला त्याच कायद्यात तुले बसवतील.

आता तुझ्या आजोबाचं सांगते. मेलेल्या माणसाची बदनामी करायची नाही म्हणतात, पण देवाजी चपराशी त्या हापिसात एकोणीस वर्षं होता, अन् तू ज्या खोलीत बसते त्याच खोलीची किल्ली त्याच्या कमरेले होती. एका पावसात छप्पर गळलं, खालचे गठ्ठे भिजले. तेव्हाच्या बाबूनं सांगितलं, हे सडकं मागच्या खड्ड्यात टाकून दे. यादी नाही, सही नाही, कोणाची मंजुरी नाही. तोंडी हुकूम. तुझ्या आजोबानं टाकलं, पण एक बुक मधून कोरडं होतं. त्याले वाटलं चांगला कागद आहे, मातीत काहून घालायचा. सायकलच्या मागं बांधून घरी आणलं. चोरी केली असं त्याले शेवटपर्यंत वाटलं नाही. सरकारनं फेकलेलं उचललं, एवढंच.

अन् मी त्यात झिंगे बांधले.

लिहून टाकलं एकदाचं. तुले माहीत आहे, मी सानगडीच्या बाजारात वाळले झिंगे विकत होती. वर्तमानपत्रात बांधले तर त्याची शाई सुटते, झिंगे काळे पडतात, बाया तोंड वाकडं करतात. या कागदाची शाई ओल्या हातानंही सुटत नव्हती, अन् कागद जाड, ओल पिऊन घेत होता, झिंगे महिनाभर मऊ पडत नव्हते. बाजारात माझ्या पुड्यांचं नाव झालं होतं. कौशल्याबाई तर म्हणे, रेवता, तुझा कागदही ठेवून घ्यावा असा राहते. ठेवलाच तिनं. एक पान फाडलं का चार पुड्या, कौशल्याबाईसारखी जास्त घेणारी असली तर पुरं पान. दोन हंगाम मी ते बुक असं विकलं. बाकीच्या बायांनी कागद चुलीत घातले असतील. कोणाकोणाची नावं गेली ते मी सांगू शकत नाही, कारण मी फाडताना वाचत नव्हती. मले अक्षर येत होतं, तरी वाचत नव्हती. तुझ्या चंद्रकुमारले मी वर एवढं बोलली, पण त्याच्यात अन् माझ्यात फरक एवढाच का त्याचे हात मासोळीचे नाहीत.

एक दिवस पान फाडता फाडता नजर पडली. तुझ्या आजोबाच्या बापाचं नाव होतं, अन् लिहिलं होतं, मुलगी, वय चार दिवस, मृत्यू, कारण ताप. माझ्या सासूनं जन्मभर कोणाले सांगितलं नव्हतं का तिचं एक लेकरू असं गेलं. तुझ्या आजोबालेही माहीत नव्हतं. सरकारले माहीत होतं. मले काही रडू-बिडू आलं नाही, पण त्या लेकराचा कागद झिंग्याच्या पुडीत देववला नाही. तेव्हापासून मी त्या बुकाले हात लावणं बंद केलं. एवढंच सांगून थांबली असती तर तुले वाटलं असतं आजी चांगली आहे. पुढचं ऐक.

उरलेलं बुक मी जाळलं नाही. ते चाळीस वर्षांपासून घरात आहे, धानाच्या कोठीमागं, गोणपाटात. एक्केचाळीस पानं. मुरारीचे फेरे सुरू झाले तेव्हा मी एका दुपारी ते काढून सगळं वाचलं, बोट ठेवून ठेवून. सदतीसच्या सालात आहे, फागो वल्द सुकरू, जात ढीवर, याले मुलगा झाला. सुकरूचा पोरगा हा फागो म्हणजे मुरारीचा आजा. म्हणजे मुरारी अकराव्यांदा माझ्या सपरीत पाणी पीत होता तेव्हा त्याच्या पोरीचा कागद त्याच्या पाठीमागं दहा हातांवर होता. अन् मी बाबूले शिव्या देत होती. काहून नाही दिला ते विचारू नको. तुझे आजोबा तेव्हा जिवंत होते, त्यांची पेन्शन होती, वाटलं पेन्शन बंद करतील, धरून नेतील. ते गेल्यावर वाटलं, आता मले नेतील. अन् मंग गुड्डीची जागा गेली, तर वाटलं आता देऊन उपयोग काय. भेव माणसाले भलतं हुशार करते, दरवेळी नवीन कारण काढून देते.

काल सकाळी मी मुरारीले बोलावून सगळं सांगितलं. हे करताना मले सरकारचं जेवढं भेव वाटलं नाही तेवढं त्याचं वाटलं. तो उठला अन् तलावाच्या पाळीवर जाऊन बसला, जाळं न घेता. दुपारी आला, म्हणे, ते पान वाचा. मी वाचलं. म्हणे, पुन्हा. असं तीन वेळा वाचून घेतलं. आजाच्या नावावर बोट ठेवायले गेला अन् ठेवलं नाही, हात धोतराले पुसला. मंग म्हणे, काकू, तुमच्या घरचं पाणी मी आता पिणार नाही. मी म्हणलं, नको पिऊ. म्हणे, पण कीर्तीचं काम झालं पाहिजे. मी म्हणलं, त्याच्यासाठीच बोलावलं.

म्हणून हे पत्र, डिंपल. मुरारी सोमवारी पहिल्या बसनं निघन अन् हापिस उघडायच्या आधी दारात उभा राहीन. हे पत्र त्याच्या एका हातात आहे अन् दुसऱ्या हातात गोणपाटाची पिशवी, त्यात ती एक्केचाळीस पानं आहेत. प्रत्येक पानावरचं पहिलं नाव मी वेगळ्या कागदावर उतरवून दिलं आहे, म्हणजे वाटेत किंवा तुमच्या खोलीत एकही कमी झालं तर समजन. पिशवी चंद्रकुमारच्या हाती देऊ नको, साहेबाच्या टेबलावर मोज. हे पत्रही त्यांच्यासमोर ठेव, आवक नंबर टाक, फाईलले लाव, अन् ही माझी आजी आहे हे तू स्वतः सांग, दुसऱ्यानं सांगायच्या आधी. फाटलेल्या बुकाची नक्कल देता येते का नाही ते तुमच्या कायद्याले विचार, मले माहीत नाही, पण कीर्तीचं पान आता हापिसात आहे असं तरी कोणाले नाकारता येणार नाही. मले बोलावलं तर येईन. भेव अजून गेलं नाही, हे लिहितानाही दाराकडं पाहून राहिली आहे. अन् मुरारीले पोच दे. पानं किती, तारीख कोणती, कोणाच्या हातून मिळाली, कोणाच्या घरातून निघाली, सगळं लिही. तिथं आजी लिहू नको. रेवताबाई देवाजी मारबते असं पुरं नाव लिही, अन् खाली तुझी सही कर. ती सही कर.

तू रागावशील, रागाव, पण तुझीच,
आजी